हाय की!

सुकुमार गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली, आणि तीही अशा मराठीत की पहिल्यांदा वाटलं, दुसराच कुणीतरी गेला. 'सांगलीच्या संगीतक्षेत्रातील उमदे व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड.' मी साताऱ्यात आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. दुपारच्या बॅचला जोड कसा मारायचा ते दाखवत होतो. काच कपाळावर सरकवून फोन बघितला, तर हे... उमदे व्यक्तिमत्त्व! काळाचा पडदा! अरे, सुक्या मेला म्हणा की सरळ. एक्केचाळीस वर्षांचा माणूस सकाळी मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा होता, हळकुंड मोडून बघता बघता खाली बसला आणि उठलाच नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फोन खिशात घातला, काच खाली ओढली आणि पुढचा जोड मारला. तो वाकडा गेला. पोरं हसली, मी पोरांवर ओरडलो. अंत्यविधीला गेलो नाही. सातारा-सांगली काही लांब नाही, निघालो असतो तर पोचलो असतो.

आता महिना होत आला. या पुरवणीतून फोन आला की तुम्ही त्यांचे जुने सहकारी, तर चार हृद्य आठवणी लिहा. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या आठवणी हृद्य वगैरे नाहीत. सात वर्षं मी या माणसाशी एक अक्षर बोललेलो नाही. त्याच्यावर माझा राग होता आणि तो गेला म्हणून राग गेला, असं झालेलं नाही. आपल्याकडे माणूस मेला की आपोआप चांगला होतो. जिवंतपणी ज्यांनी त्याला 'हळदवाल्याचं येडं पोरगं' म्हटलं, तेच आज त्याच्या फोटोखाली हात जोडतायत. मला ते जमणार नाही. मी जे झालं ते लिहीन. कुणाला आवडलं नाही तर पान उलटावं.

माझं गाव शिराळा तालुक्यात. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. लहानपणापासून मी हलगी वाजवायचो. नागपंचमीच्या मिरवणुकीत दिवसदिवस वाजवायचो, बोटं फुटेपर्यंत. शिकायला सांगलीत आलो तेव्हा खोली घेतली ती हळदीच्या एका गोदामाच्या मागे. हलगी गावाकडं राहिली होती आणि हाताला तर चैन नव्हतं. गोदामाच्या बोळात एक निळं रिकामं पिंप पालथं पडलेलं असायचं, ते एके दिवशी काठ्या घेऊन बडवायला लागलो. वरच्या खिडकीतून एक किडमिडीत पोरगं वाकलं आणि म्हणालं, "काय बडवालास रं?" मी म्हटलं, "तुझ्या बाचं काय गेलं?" तो म्हणाला, "बाचंच पिंप हाय ते." मी ओशाळून काठ्या खाली ठेवल्या, तर म्हणतो, "थांबतोस कशाला? वर घिऊन ये की." अशी आमची ओळख. पिंप मी उचललं, त्यानं नुसतं दार उघडून धरलं. पुढं बँड झाला तेव्हाही साधारण असंच असायचं, वजन मी उचलायचं आणि दार त्यानं धरायचं.

वरच्या खोलीत एक गिटार होती. मिरजेच्या वाद्यवाल्यांकडून आणलेली, सेकंडहँड. घरात चार पिढ्यांचा हळदीचा व्यापार, जैन घर, वडील म्हणजे अण्णा कडक, आणि हा त्या खोलीत बसून कुठलं कुठलं रॉक ऐकायचा. तिथं सगळ्याला हळदीचा वास. उशीला, पुस्तकांना, गिटारच्या तारांनाही. नंतर मिरजेचा अस्लम बेस गिटार घेऊन आला आणि आम्ही तिघं झालो. नाव ठेवलं 'थ्री फेज'. गावाकडच्या माणसाला समजावायला नको. विहिरीवरची मोटार थ्री फेज लाईट आल्याशिवाय चालत नाही, आणि आमचाही तिघांपैकी एक नसला तर आवाज निघत नव्हता. नाव सुक्यानं ठेवलं, हे कबूल करतो. नावं ठेवण्यात तो हुशार होता, लोकांनाही ठेवायचा.

त्या घराचा एक नियम होता आणि तो आमच्या बँडचाही नियम झाला. दिवस बुडायच्या आत जेवण. दिवस बुडाला की पुढं पाण्याशिवाय काही नाही. सुक्याची आई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, ती हिवाळ्यात पावणेसहाला जिन्याखाली उभी राहून वर हाक मारायची. रोज तीच हाक, त्याच सुरात. ती आली की गाणं कुठंही असो, तिथंच सोडायचं, हात धुवायचे आणि खाली जायचं. ताटं तिघांची. अस्लमचं आणि माझंही. "तुमी काय रात्री खायाचं ते खावा, खरं माझ्या घरात उपाशी वाजवायचं न्हाई," असं तिचं म्हणणं. त्यामुळे जगातले सगळे रॉकवाले रात्री सुरू करतात तेव्हा आमची ताटं घासून पालथी पडलेली असायची. मला त्याचा राग यायचा. रंगात आलेलं गाणं निम्म्यात सोडायचं म्हणजे काय! सुक्याला मात्र काही वाटायचं नाही. म्हणायचा, उद्या परत रंगात येऊ की.

आता गाणं. सगळं रामायण त्या गाण्यावरून झालं, म्हणून नीट सांगतो. एकदा गावाकडं आईशी फोनवर बोलत होतो. मी विचारलं, लाईट आहे का, तर न्हाई. पाणी आहे का, न्हाई. बरं, येष्टी तरी येते का, तर तीही न्हाई. फोन ठेवला आणि तिथंच पिंपावर ठेका धरला. 'लाईट हाय का?' तर सगळ्यांनी म्हणायचं 'न्हाई!' 'पाणी हाय का?' 'न्हाई!' 'येष्टी हाय का?' 'न्हाई!' एवढं झालं आणि पुढं अडलं. नुसतं न्हाई न्हाई म्हणत गाणं संपवायचं कसं? पंधरा दिवस शेवटची ओळ सुचेना. मग एक दिवस सुचली. 'मग तू तरी हाईस का?' आणि सगळ्यांनी बोंबलून म्हणायचं, 'हाय की!' त्या 'की'मध्ये सगळं होतं. काही नाही तर नाही, माणूस तर आहे. गाणं माझं, शब्द माझे, हे मी पहिल्यापासून सांगत आलो. चाल सुक्याची. गळाही त्याचाच, आणि तो गळा, खरं सांगायचं तर, एखाद्यानं मुद्दाम खरवडल्यासारखा होता.

आमचा जो कार्यक्रम लोक आज 'ऐतिहासिक' वगैरे म्हणतात, तो माधवनगरच्या क्लबात झाला. जे आज म्हणतात त्यातले निम्मे तिथं नव्हते, हे मी ड्रममागून बघितलंय. बाहेरच्या वाचकाला एक सांगायला पाहिजे. शहरात क्लब म्हटलं की लाल-निळे दिवे आणि बाटल्या. आमच्याकडे क्लब म्हणजे पत्ते. रमी. बाकी काही नाही. एका बंद पडलेल्या गिरणीच्या स्टाफचा तो जुना क्लब. वर पत्रा, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, एक कॅरम बोर्ड, तीन रमीची टेबलं. सुक्या सेक्रेटरींना भेटून म्हणाला, रॉक बँडचा कार्यक्रम करायचाय. ते म्हणाले, "बँड? लगीन कुणाचं?" त्यांना समजावण्यात एक आठवडा गेला. शेवटी ते तयार झाले, पण एका अटीवर, पत्तेवाले उठणार नाहीत. ते मागं खेळतील, तुम्ही पुढं वाजवा. वेळ ठरली दुपारी चार ते पावणेसहा. पावणेसहा का, ते सांगायला नको.

मी गावाकडं आबांना सांगायची चूक केली. फोनवर म्हटलं, "आबा, रविवारी माधवनगरच्या क्लबात हाय मी." पुढचं सांगायच्या आत फोन कट. आईनं नंतर सांगितलं, आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होते, "आपल्या घराण्यात आजवर कुणी क्लबाची पायरी चढली न्हाई! सुभेदाराचं पोरगं पत्तं कुटतंय व्हय!" आणि रविवारी सकाळी, हातात काठी घेऊन, मला क्लबातून ओढून आणायला ते येष्टीत बसले.

साठेक खुर्च्या होत्या. कॉलेजची पोरं, दोन-चार यंत्रमागवाले, अस्लमचे चुलते, आणि पहिल्या रांगेत आक्का. कानात कापूस घातलेला आणि मांडीवर पितळी डबा. मागं तिन्ही टेबलांवर रमी चालू. पहिली दोन गाणी वाया गेली. पत्र्याखाली आवाज असा घुमत होता की मलाच कळेना मी काय वाजवतोय. मागून एक म्हातारा ओरडला, "हळू वाजवा की, पान कळंना!" पोरं हसली. सुक्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "काका, पान कळंना तर खाली टाका, जोकर मी हाय." त्यावर जो हशा उठला, तिथून कार्यक्रम उठला. मग काय विचारता! मी हलगीचा ठेका ड्रमवर घेतला, अस्लम त्यावर बसला, आणि सुक्या... तो माणूस एरवी हळदीचं पोतं उचलताना कण्हायचा, पण त्या दिवशी कॅरम बोर्डाच्या टेबलावर उडी मारून उभा राहिला. गळ्याच्या शिरा फुगलेल्या, शर्ट घामानं चिकटलेला. पोरांनी खुर्च्या बाजूला सारल्या. यंत्रमागवाले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारत होते. सेक्रेटरी कॅरमला काही होऊ नये म्हणून टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसले होते.

आणि मग आमचं गाणं आलं. सुक्या ओरडला, "लाईट हाय का?" आणि लाईट गेली. खोटं सांगत नाही, त्याच क्षणी. पंखे थांबले, गिटार मुकी झाली, माईक गेला. मग पत्ते हातात धरून मागच्या टेबलावरचे सगळे म्हातारे एका सुरात गरजले, "न्हाई!" अरे, पत्रा हलला! माझा ड्रम तर विजेवर नव्हता. मी सोडला नाही. सुक्या नुसत्या गळ्यानं विचारत गेला आणि हॉल उत्तर देत गेला. पाणी हाय का? न्हाई! येष्टी हाय का? न्हाई! मावळतीच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येत होतं आणि त्या उन्हात टेबलावर उभा राहून त्यानं शेवटचं विचारलं, "मग तू तरी हाईस का?" दारातून एक आवाज आला, परेडच्या मैदानावर असतो तसा. "हाय की!" आबा! हातातली काठी वर केलेली, डोक्यावर फेटा, येष्टी उशिरा आली म्हणून आत्ताच पोचलेले आणि गर्दीमुळं दारातच अडकलेले. मग सगळा हॉल, "हाय की! हाय की!" दहा मिनिटं ते थांबेना. शेवटी आक्का उठली, कानातला कापूस काढला आणि डब्याचं झाकण उघडलं. सगळ्यांना कळलं, संपलं. त्या दिवशी साठ माणसांनी बिनलसणाचं भडंग खाल्लं, दिवस बुडायच्या आत. परत जाताना आबा मला म्हणाले, "यशा, ह्यो बँड न्हाई रं, बंड हाय." माझ्या बापानं आयुष्यात केलेलं माझं तेवढंच कौतुक.

यानंतर दोन वर्षांनी पुणं. तिथं एक नावाजलेली जागा होती, छोटी, काळ्या भिंतींची, शंभर माणसांची. तिथल्या संयोजकांनी क्लबातला व्हिडिओ बघून बोलावलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सकाळी पोचलो, तहान लागलेली, मी विचारलं, "पाणी हाय का?" त्या गृहस्थांनी टाळी वाजवली. "ओह, किती गोड! पुन्हा म्हणा ना! अगं, इकडे ये, ऐक हे कसे बोलतात!" दोन पोरी आल्या, मोबाईल काढले. मी पाणी प्यालो आणि मग जरा जपूनच बोललो दिवसभर. एवढंच. कार्यक्रम रात्री होता. सुक्यानं दिवस बुडायच्या आत गाडीत बसून आक्कानं दिलेला डबा खाल्ला. मी संयोजकांच्या बरोबर कॉफी प्यालो.

कार्यक्रम रंगला, हे मान्य. शेवटी गाणं आलं. मी ठेका धरला. आणि सुक्यानं विचारलं, "लाईट आहे का?"

आहे! मला वाटलं, चुकून गेलं असेल. "पाणी आहे का?" लोक म्हणाले, "नाही!" कसं म्हणाले ते सांगतो, वर्गात हजेरी देतात तसं. "एसटी आहे का?" "नाही!" "मग तू तरी आहेस का?" आणि तो माणूस, टेबलावर उभा राहून पत्रा हलवणारा माणूस, हात पसरून म्हणाला, "आहे ना!" आहे ना! माझ्या आईच्या फोनचं, माझ्या बापाच्या काठीचं गाणं, त्याला धुऊन, इस्त्री करून 'आहे ना!' मी काठ्या खाली ठेवल्या. गाणं चालू असताना उठलो, ड्रममागून बाहेर आलो, रस्ता गाठला आणि स्वारगेटला येऊन साताऱ्याची गाडी धरली, तिथं नुकतीच नोकरी लागली होती. ड्रमसुद्धा तिथंच टाकला. त्याला आमच्या बोलण्याची लाज वाटली, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलं. खिडकीतून पहिल्यांदा 'काय बडवालास रं' म्हणणारा माणूस चार शहरी पोरं बघून बदलला. थूत्, म्हटलं.

त्यानं फोन केले. पहिल्या आठवड्यात रोज, मग कधीतरी. मी उचलले नाहीत. ड्रम त्यानं टेम्पोत घालून साताऱ्याला पाठवला, तो मी विकून टाकला. नंतर फोन थांबले आणि दुसरंच सुरू झालं. दरवर्षी नवी हळद आली की येष्टीच्या पार्सलनं एक पाकीट यायचं. वर फक्त माझं नाव, आत चिठ्ठी नाही, काही नाही. पहिल्या वर्षी मी ते गटारात टाकायला निघालो. बायकोनं हातातून काढून घेतलं. म्हणाली, "राग माणसावर, हळदीवर कशाला? असली हळद साताऱ्यात मिळत न्हाई." मग सात वर्षं आमच्या घरची आमटी त्याच्या हळदीची. रोज दोन वेळा मी ती ओरपली आणि त्याच्याशी बोललो नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं म्हणतात. हळदीबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं.

तो गेल्यावर आठ दिवसांनी पुण्याच्या त्याच संयोजकांचा फोन. स्मरणार्थ एक संध्याकाळ करतायत, मी ड्रमवर यावं. शेवट 'त्या' गाण्यानं. मग म्हणतात, "आपण ते 'आहे ना'वालंच घेऊ, ते जास्त लोकांपर्यंत पोचतं." मी त्यांना जे बोललो ते या पुरवणीत छापता येणार नाही. आबा हल्ली साताऱ्यात माझ्याकडेच असतात, ते पलीकडे पेपर वाचत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्येला श्या देऊन काय व्हतंय? सांगलीला जा. त्या म्हातारीफुडं उभा ऱ्हा." मी म्हटलं, "मी कशाला? चूक त्याची हाय." आबा म्हणाले, "मेल्याल्या माणसाकडनं माफी मागून घ्याची काय पद्धत आसंल, तर मलाबी सांग. आमच्या पल्टनीत न्हवती." आणि परत पेपर वर धरला.

गेल्या रविवारी गेलो. दुपारचे चार वाजले होते. खाली दुकानात धाकटा भाऊ होता, त्यानं नुसती मान हलवली. आक्का मागच्या सोप्यात गहू निवडत होती. मला बघितलं, पण उठली नाही. "आता आलास व्हय," एवढंच म्हणाली. मी ठरवून गेलो होतो की काही बोलायचं नाही, पाया पडायचं आणि निघायचं. पण बसलो आणि सगळं भडाभडा बाहेर पडलं. आक्का, त्यानं माझं गाणं बाटवलं, आमच्या बोलीची लाज वाटली त्याला, चार पुणेकरांसाठी त्यानं मला विकलं... ती गहू निवडत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पुण्यास्नं आला तवा दोन दिस जेवला न्हाई सुकू. मी इचारलं तर म्हणला, आक्का, यशाला तितं लाज वाटत हुती. सकाळी त्येच्या बोलण्याला हसली ती लोकं, तवापासनं दिसभर 'आहे आहे' करत हुता. माझ्यासंगंबी. मला वाटलं, त्येला गाणं तसंच पायजे आसंल, त्येची लोकांत शोभा नको. म्हणून फिरवलं. तर उठूनच गेला."

खोटं, म्हणून मी ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण मला ती कॉफी आठवली. कॉफी घेताना सुक्या जवळ येऊन म्हणाला होता, "चल की, आक्काचा डबा हाय." आणि मी, त्या गृहस्थांच्या समोर, त्याला म्हणालो होतो, "नको, मला भूक नाही आहे." भूक नाही आहे! माझ्या जिवाभावाच्या माणसाला! त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडीकडं गेला. सात वर्षं मी हे विसरलो होतो. विसरलो कसलं, झाकलं होतं. लाज मला वाटली आणि लेबल त्याला लावलं. आणि साताऱ्याला आल्यापासून तर काय, वर्गात 'आहे', ऑफिसात 'आहे', बायकोशी भांडतानाही 'आहे'. हा लेखच बघा ना. वरपासून एवढा कळवळून लिहितोय, आणि आतला माणूस बोलला की अवतरणचिन्हात बोलतोय. मी मात्र बाहेर उभा, इस्त्रीचे कपडे घालून.

पण राग गेला म्हणता? वाढला. अरे, तोंड होतं ना तुला? 'यशा, तूच लाजलास' म्हणून थोबाडीत मारायची होतीस. हळद कसली पाठवतोस! म्हणून मी आक्काला म्हटलं, जरा वर जाऊन येतो.

खोली तशीच आहे. गिटार भिंतीला, तारा पिवळ्या. आणि कोपऱ्यात ते निळं पिंप, पालथं. अण्णांनी दहा वेळा परत मागितलं असेल, त्यानं खाली जाऊ दिलं नव्हतं. वर माझ्या काठ्यांचे डाग आहेत. त्यावर धूळ नव्हती. मी समोर बसलो. काठ्या नव्हत्या, बोटांनीच वाजवायला लागलो. कधी लागलो ते कळलं नाही. खिडकीतलं ऊन पिंपावरून खाली उतरत होतं... आणि जिन्याखालून हाक आली.

"सुकू, हाईस का?"

तिच्या तोंडून सवयीनं गेलं होतं. वर आवाज झाला, पावणेसहा वाजले, हाक गेली. जिन्याखाली ती उभी आणि वर मी, हात पिंपावर तसेच. तीच हाक, त्याच सुरातली. आणि तिला वरून रोज, माझ्या देखत, कितीतरी वर्षं एकच उत्तर जायचं. माझी शेवटची ओळ! गाणं माझं, शब्द माझे म्हणून छाती काढून सांगत फिरलो. सुचली कसली? ह्या जिन्यात ऐकली हुती.

"हाय की!" मी वरडलो. घसा फाटला. "हाय की, आक्का!"

खाली भांडं वाजलं. जरा येळानं ती म्हणली, "मग ये खाली. दिस बुडतोय."

ग्येलो. हात धुतलं. ताट वाढल्यालं हुतं, आमटी पिवळीधमक. दिस बुडायच्या आत जेवलो, आन् आक्का म्होरं बसून बघत हुती. सुक्या, तुला मी माफ केल्यालं न्हाई, ध्येनात ठेव. मलाबी न्हाई. घरला आलो तर लाईट हुती. नळाला पाणी हुतं. येष्टीसुदिक येळंवर मिळाली रं गड्या. समदं हाय. तूच तेवढा न्हाईस.